वॉलरसचा सुळा सांगून मला हाड विकलं

दोन महिन्यांपूर्वी मला एका गिऱ्हाइकाला फोन करून सांगावं लागलं की तुम्ही माझ्याकडून घेतलेल्या चाकूची मूठ वॉलरसच्या (उत्तरेच्या बर्फाळ समुद्रातला सीलसारखा मोठा प्राणी) सुळ्याची नाहीये, हाडाची आहे. सत्तरीतले गृहस्थ, मुलाला लग्नात द्यायला म्हणून त्यांनी तो चाकू बनवून घेतला होता. फोन लावायच्या आधी मी अर्धा तास गॅरेजमध्ये नुसता बसून होतो, हात उचलत नव्हता. अशी वेळ कुणावर येऊ नये म्हणून लिहितोय, जरा लांबेल पण पूर्ण वाचा.

मी अमेरिकेत डेन्व्हरजवळ राहतो, नोकरी आयटीतली, आणि गेली सात वर्षं शनिवार-रविवार चाकू बनवतो. पातं मीच घडवतो, मुठीला बहुतेक वेळा अक्रोडाचं लाकूड नाहीतर एल्कचं (इथलं मोठं हरीण) शिंग. पण इथे चाकूचे जे खरे शौकीन आहेत त्यांना जुनी वॉलरस आयव्हरी, म्हणजे हस्तिदंतासारखा वॉलरसचा सुळा, हवी असते. शेकडो वर्षं जमिनीत पुरलेले सुळे, मातीतली खनिजं शोषून तपकिरी, मधासारखे, कधी काळपट झालेले. लोक त्याला फॉसिल (जीवाश्म) म्हणतात पण दगड वगैरे झालेला नसतो तो, सुळाच असतो. एकदा हातात घेतलात की कळतं लोक वेडे का होतात, पॉलिश केल्यावर आतून उजेड आल्यासारखा दिसतो.

हा माल मुख्यतः येतो कुठून तर अलास्काच्या सेंट लॉरेन्स बेटावरून. बेरिंग समुद्रात आहे, अलास्कापेक्षा रशियाच्या जास्त जवळ, गॅम्बेल आणि सावुंगा अशी दोनच गावं. बेटाची जमीन तिथल्या मूळ रहिवाशांच्या गावसंस्थांच्या मालकीची आहे, त्यामुळे ते आपल्याच पूर्वजांच्या जुन्या वस्त्यांच्या टेकाडांत खणतात आणि सापडलेले सुळे, बर्फावरच्या स्लेज गाड्यांच्या पट्ट्या, मोडकी अवजारं विकतात. गॅम्बेलच्या जुन्या वस्त्यांना १९६२ साली राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळाचा दर्जा मिळाला होता, पण इतकं खणून झालं की १९८९ ला तो काढून घेतला. त्याबद्दल वाईट वाटतंच, पण त्या गावांत रोजगार काय आहे हे बघितलं की त्यांना दोष द्यायला माझं मन होत नाही.

आता यात "जुनं" हा शब्दच सगळी किंमत ठरवतो, आणि त्याला कारण कायदा आहे. १९७२ च्या अमेरिकन सागरी सस्तन प्राण्यांच्या कायद्यानुसार अलास्काचे मूळ रहिवासी सोडून कुणालाही वॉलरस मारता येत नाही, आणि नवीन सुळा कोरून वस्तू केल्याशिवाय तेही बाहेरच्या माणसाला विकू शकत नाहीत. म्हणजे माझ्यासारख्याला कच्चा सुळा घ्यायचा तर तो जुनाच हवा, आणि तोही खाजगी जमिनीतून निघालेला, सरकारी जमिनीतून नाही. त्यामुळे माल कमी, भाव जास्त, आणि जिथे भाव जास्त तिथे लबाड माणूस येणारच.

मला भेटलेला माणूस फार गोड बोलायचा. आपण अलास्कात बरीच वर्षं काढली, बेटावरच्या कुटुंबांकडून थेट घेतो, असं सांगायचा. पहिल्यांदा मी एकच जोडी घेतली १८० डॉलरला (जोडी म्हणजे मुठीच्या दोन बाजूंना लावायच्या पट्ट्या). ती अस्सल निघाली. अगदी अस्सल, एका कडेला सुळ्याचा गाभा दिसत होता. तेच त्याचं भांडवल होतं हे मला आता कळतंय, पहिली जोडी खरी पाठवायची आणि विश्वास कमवायचा.

तीन महिन्यांनी त्याचा मेसेज आला, की एका म्हाताऱ्या कारागिराचा साठा मोकळा होतोय, सहा जोड्या आहेत, तू जुना गिऱ्हाईक म्हणून आधी तुला विचारतोय, ११५० डॉलर, दोन दिवसांत सांग. फोटो पाठवले, सगळे वरून काढलेले, सुंदर तपकिरी पट्ट्या, कापलेल्या टोकाचा एकही फोटो नाही. आणि पैसे पाठवायच्या अ‍ॅपमध्ये "फ्रेंड्स अँड फॅमिली" हा पर्याय निवड म्हणाला, फी वाचेल. मी निवडलं. तिथेच पैसे परत मिळायची वाट बंद झाली, कारण त्या पर्यायात खरेदीचं संरक्षण नसतं, तुम्ही मित्राला हौसेने पैसे दिले असं धरलं जातं.

पार्सल आलं. मी आंधळेपणाने नाही घेतलं, तपासलं. तापलेली सुई टेकवली, वितळलं नाही. यूव्ही (अतिनील किरणांचा) टॉर्च मारला, छान निळसर पांढरं चमकलं. बेल्ट ग्राइंडरवर कोपरा घासला तर दात कोरताना डेंटिस्टकडे येतो तसला वास. इंटरनेटवर सांगतात त्या सगळ्या परीक्षा पास. आणि हेच मला ओरडून सांगायचंय, की या सगळ्या परीक्षा प्लास्टिक ओळखायच्या आहेत!! हाडसुद्धा वितळत नाही, हाडसुद्धा चमकतं, हाडालाही तसाच वास येतो. माझ्या डोक्यात नकली म्हणजे प्लास्टिक एवढंच होतं.

शंका एकदाच आली, घासल्यावर तपकिरी रंग पटकन गेला आणि खालून पांढराफटक भाग आला तेव्हा. लगेच फोन केला. तो म्हणाला, अरे जुन्या सुळ्यातही रंग बाहेरच्या थरातच जास्त असतो, जास्त घासू नकोस. आता हे खरं आहे, म्हणून मी गप्प बसलो. मग विचारलं की गाभा कुठे दिसत नाही, तर म्हणाला या पट्ट्या सुळ्याच्या बाहेरच्या भागातून कापल्यात. हेही होऊ शकतं. प्रत्येक उत्तरात थोडं खरं होतं, त्यामुळे भांडायला जागाच राहिली नाही. बायको म्हणाली होती, एवढं वाटतंय तर कुणाला तरी दाखव ना आधी. नाही दाखवलं. ऑर्डरची तारीख जवळ आली होती आणि मी त्यातली एक जोडी लावून चाकू देऊन टाकला.

पुढे एका नाइफ शोला (चाकूंच्या प्रदर्शनाला) उरलेल्या पट्ट्या बरोबर नेल्या होत्या. तिथे अँकरेजहून आलेले एक वयस्कर कारागीर बसले होते, आयुष्यभर याच मालात काम केलेले. त्यांनी पट्टी हातात घेतली, बाजू बघितलीसुद्धा नाही, सरळ टोक वर केलं, दहापटीचं भिंग डोळ्याला लावलं आणि पाच सेकंदांत माझ्या हातात परत दिली. म्हणाले, तूच बघ. मी बघितलं तर कापलेल्या टोकावर बारीक बारीक काळे ठिपके, सुईने टोचल्यासारखे, आणि तेच लांबीच्या बाजूला बारीक रेघा होऊन गेलेले. जिवंत हाडातून रक्तवाहिन्या जातात त्यांच्या नळ्या त्या. सुळ्यात त्या नसतात, कारण सुळा म्हणजे दात. मग त्यांनी स्वतःच्या सुळ्याचा एक तुकडा दाखवला, बाहेर सिमेंटमचा थर (दाताचं बाहेरचं आवरण), मग गुळगुळीत डेंटिन (दाताचा मुख्य भाग), आणि मध्ये गाभा, अगदी साबुदाण्याच्या खिरीसारखा, अर्धपारदर्शक गोळे एकमेकांना चिकटलेले. वॉलरसच्या सुळ्याची खरी ओळख ती. मॅमथच्या (हत्तीसारखा नामशेष झालेला प्राणी) आणि हत्तीच्या सुळ्याच्या आडव्या कापावर एकमेकींना छेदणाऱ्या रेषांची जाळी असते, ती वेगळी.

त्यांच्या मते माझ्याकडच्या पट्ट्या उंटाच्या नाहीतर गाईबैलाच्या हाडाच्या, रंगवलेल्या. रंगवलेलं हाड वाईट नसतं, मी स्वतः मुठींना वापरलंय, पंधरा-वीस डॉलरला जोडी मिळते, आपल्याकडे उत्तर प्रदेशातल्या संभलचे कारागीर हाडाचं आणि शिंगाचं सुरेख काम करतात. पण हाड हाड म्हणून विका ना.

त्या रात्रीच विकणाऱ्याला भिंगातून काढलेले फोटो पाठवले. आधी म्हणाला तुझं भिंग खराब आहे, मग म्हणाला मलाही फसवलं असेल, परत पाठव, मग बघतो. दुसऱ्या दिवशी नंबर ब्लॉक. पैसे पाठवायच्या अ‍ॅपने हात वर केले, त्यांच्या नियमाप्रमाणे ते बरोबरच होतं. एफबीआयच्या इंटरनेट तक्रार केंद्राकडे तक्रार टाकली आहे, पुढे काही झालं तर कळवीन. पण चॅट, फोटो, पार्सलवरचं लेबल, सगळं जपून ठेवलंय, तुम्हीही ठेवा, मी पहिल्या व्यवहाराचे मेसेज डिलीट केले होते त्याचा आता पश्चात्ताप होतोय.

आता मी घेतो तेव्हा कापलेल्या टोकाचा जवळून फोटो मागतो, आणि पट्टी बाहेरच्या भागाची असेल तर ज्या सुळ्यातून ती कापली त्याचा. खऱ्या माणसाकडे तो असतो किंवा तो मिनिटात काढून पाठवतो. कुठल्या जमिनीतून, कुणाकडून आलं हे बिलावर लिहून घेतो. "सगळीकडे कायदेशीर आहे" असं कुणी म्हणालं तर तिथूनच परत फिरतो, कारण कॅलिफोर्नियात १ जुलै २०१६ पासून वॉलरस काय आणि मॅमथ काय, थोडे अपवाद सोडले तर आयव्हरीची विक्रीच बंद आहे, जुनी असली तरी. आणि भारतात कुणाला भेट म्हणून असा चाकू न्यायचा विचार असेल तर आधी परवान्यांची चौकशी करा, वॉलरस साइट्स (CITES) या वन्यजीवांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय करारात आहे, देशाबाहेर नेताना कागद लागतात. माल हातात आला की ग्राइंडरला लावायच्या आधी दहापटीचं भिंग. वीस डॉलरला येतं ते, मी ११५० घालवून घेतलं.

राहिले ते गृहस्थ. फोनवर ते थोडा वेळ काहीच बोलले नाहीत, मग म्हणाले, तू स्वतःहून सांगितलंस म्हणून ठीक आहे. सगळे पैसे परत केले, चाकू मागवून घेतला. माझ्याकडे ती पहिली १८० डॉलरची जोडी होती, स्वतःच्या चाकूसाठी ठेवलेली. जुन्या पिना काढल्या, हाड सोडवलं आणि तीच जोडी बसवली. कोलोरॅडोच्या कोरड्या हवेत तिला एका कडेला केसाएवढी चीर गेली होती, ती भरून घेतली. गाभा दिसतो ती बाजू वर ठेवलीय. परवा पार्सल केला, सोबत कापलेल्या टोकाचा फोटो आणि माझं ते भिंग टाकलंय.