रेटिंग ३०० ने वाढलं, डाव एकही खेळलो नव्हतो

‘रेटिंग वाढलं नाही तर पैसे परत’ असं बुद्धिबळाचा कुणी कोच लिहून देत असेल, तर त्या कागदावरची तारीख आधी बघा. मला असं लिहून मिळालं होतं, तेही सहीशिक्क्यासकट.

मी गोव्यातल्या डिचोलीचा. नोकरी औद्योगिक वसाहतीत, शिफ्टची. सुट्टी जुळली की पणजी, मडगाव, फोंडा, जिथे रेटिंग स्पर्धा असेल तिथे बोर्ड पकडून बसायचं. २०२३ च्या अखेरीस माझं फिडे रेटिंग, म्हणजे जागतिक बुद्धिबळ महासंघाने खेळाच्या ताकदीला दिलेला आकडा, होतं १२५० आणि बरेच दिवस ते तिथेच रुतलं होतं. ओपनिंगमधून, म्हणजे डावाच्या सुरुवातीतून, बरा बाहेर यायचो, एक प्यादं जास्त घेऊन हत्तींच्या एंडगेममध्ये, म्हणजे शेवटच्या टप्प्यात, जायचो आणि ते प्यादं परत देऊन बरोबरी करून घरी. ज्यांचं असं होतं त्यांना कळेल, माणूस कशासाठी पैसे मोजायला तयार होतो ते.

डिसेंबरात व्हॉट्सॲपवर एका कोचची जाहिरात आली. म्हापशात त्यांचा क्लास, बाकी शिकवणं झूमवर. आधी ‘मूल्यमापन चाचणी’, मग प्रत्येकाला वेगळी हमी. फी अठरा हजार. चाचणीनंतर सरांनी सांगितलं, “काका, तुमच्यात २५० गुण वाढवायची क्षमता आहे. फिडेच्या १ मार्चच्या यादीत दिसेल. नाही दिसली तर पैसे परत.” करारात तेच शब्द आले. शिवाय एक अट होती: प्रशिक्षणाच्या काळात सरांच्या परवानगीशिवाय रेटिंग स्पर्धा खेळायची नाही. कारण काय, तर अर्धवट शिकून खेळलं तर जुन्या सवयी पक्क्या होतात. शेवटच्या आठवड्यात सगळी बॅच मिळून एक स्पर्धा खेळू, म्हणाले. ती स्पर्धा ‘हॉल मिळाला नाही’ म्हणून राहिली.

शिकवण्याबद्दल थोडक्यात सांगतो, कारण त्यात थोडंच होतं. लंडन सिस्टीम या ओपनिंगच्या पहिल्या आठ-दहा चाली, काही सापळे, आणि ‘गुप्त’ म्हणून दिलेली कोड्यांची पीडीएफ. ही कोडी लिचेस या बुद्धिबळाच्या फुकट संकेतस्थळावर जशीच्या तशी सापडली, बोर्डाचा रंग तेवढा बदललेला. लिचेसचा कोड्यांचा सगळा संग्रह कुणालाही फुकट उतरवून घेता येतो आणि हवा तसा वापरता येतो, म्हणजे याला चोरी म्हणता येणार नाही. फक्त ‘गुप्त’ हा शब्द खोटा. हत्तींच्या एंडगेमबद्दल मी दोनदा विचारलं. “ते पुढच्या लेव्हलला.” लुसेनाची पोझिशन, म्हणजे हत्तींच्या एंडगेममध्ये जास्तीचं प्यादं जिंकून देणारी मूलभूत रचना, शिकवायला तासभर पुरतो हो! माझ्यासारख्याला तोच तास हवा होता.

१ मार्च २०२४ ला फिडेची यादी आली. माझं रेटिंग १५५०. ग्रुपवर टाळ्या, फटाके, सरांचा हात जोडलेला स्टिकर. बॅचमधला नववीतला एक मुलगा १०१० वरून १४०६ वर. एक बँकेतले गृहस्थ १४८० वरून १६८८ वर. पुढच्या कोर्सचे पैसे त्याच संध्याकाळी भरणारेही निघाले.

माझ्या डोक्यात एकच प्रश्न. तीन महिन्यांत मी रेटिंगचा एकही डाव खेळलो नव्हतो, मग हे ३०० आले कुठून?

फिडेच्या संकेतस्थळावर प्रत्येक खेळाडूच्या पानावर ‘कॅल्क्युलेशन्स’ असा भाग असतो. त्या महिन्यात कोणाशी खेळलात, किती गुण मिळाले, गुणक (एका निकालाने रेटिंग किती हलतं ते ठरवणारा आकडा) किती, सगळा हिशेब तिथे दिसतो. माझ्या पानावर त्या काळाचा हिशेबच नव्हता. मग शोधल्यावर कळलं की क्लासिकल, म्हणजे लांब वेळेच्या डावांच्या, रेटिंगची खालची मर्यादा फिडेने १००० वरून १४०० केली होती आणि २००० च्या खालच्या सगळ्यांना, साऱ्या जगात, एकदाच रेटिंग वाढवून दिलं होतं. सूत्र साधं आहे. २००० मधून तुमचं रेटिंग वजा करायचं, उत्तराचे ४० टक्के काढायचे आणि ते मिळवायचे. माझे २००० वजा १२५० म्हणजे ७५०, त्याचे ४० टक्के ३००. हा बदल १ मार्चपासून लागू होणार हे फिडेने आधीच जाहीर केलं होतं. पाऊस पडणार हे ठाऊक असलेल्या माणसाने विहीर भरून देण्याचं कंत्राट घेतलं होतं.

आता हमीचे आकडे बघा. मला २५० ची हमी, सूत्राने आले ३००. त्या मुलाला ३५० ची, आले ३९६. बँकवाल्यांना २०० ची, आले २०८. कच्च्या खेळाडूला मोठी हमी, पक्क्याला लहान. १९०० च्या घरातल्या एकाला तर सरांनी “तुम्हाला माझी गरज नाही” म्हणून नम्रपणे परत पाठवलं होतं. त्याला सूत्राने मिळणार होते जेमतेम ४०. चाचणी कसली, कॅल्क्युलेटर होता तो.

खेळ कुणाचाच सुधारला नव्हता, आणि समोरचेही वर गेले होते. ज्या १३५० वाल्याशी मी अडखळायचो तो आता १६१० होता. त्या मुलाचं जे झालं त्याचा मला जास्त राग आहे. १८ च्या आतल्या खेळाडूंना गुणक ४० लागतो, त्यामुळे त्यांचं रेटिंग झपाट्याने वर जातं आणि तितक्याच झपाट्याने खाली येतं. तो उत्साहाने पुढची स्पर्धा खेळला, हरला, १४०० च्या खाली गेला. नव्या नियमात १४०० च्या खाली गेलं की खेळाडू थेट अनरेटेड, म्हणजे रेटिंगच नाही. त्याच्या आईने फोन केला तर सर म्हणाले, “ॲडव्हान्स कोर्स घेतला असता तर टिकलं असतं.”

मी पैसे मागितले. सर शांतपणे म्हणाले, “काका, करारात रेटिंग वाढेल असं आहे. वाढलं ना?” वकील मित्राने करार वाचून मान हलवली: अक्षरशः बघितलं तर खरं आहे. पण ही वाढ आपल्या प्रशिक्षणाची म्हणून विकली, ती दिशाभूल. ग्राहक हेल्पलाइनवर, म्हणजे १९१५ वर, बोललो. मग फिडेचा बदल, माझ्या पानाची प्रत आणि स्पर्धाबंदीची अट असं सगळं जोडून सरांना पत्र पाठवलं आणि पुढे जिल्हा ग्राहक आयोगात जाईन असं कळवलं. अर्धे पैसे आठवड्याभरात खात्यावर आले. उरलेल्या अर्ध्यांसाठी मी भांडत बसलो नाही, त्या मुलाच्या घरच्यांनी मात्र पूर्ण मिळवले. आयोगाकडे जायचं तर कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत जावं लागतं, हे लक्षात असू द्या.

हे आत्ता लिहायचं कारण वेगळं आहे. २०२५ च्या नोव्हेंबरात हडफड्याला बुद्धिबळाचा विश्वचषक झाला. अनुराग म्हामल, लिऑन मेंडोन्सा, भक्ती कुलकर्णी ही गोव्याच्या बुद्धिबळपटूंची नावं इथल्या घरांत आधीपासून होतीच, आता तर पोराला क्लासला घालायची घाई सगळ्यांनाच. त्यात चांगले शिकवणारेही आहेत. डावाची वही मागतात, ‘इथे उंट का मारलास’ विचारतात, संगणकाचं इंजिन लावण्याआधी तुमचं उत्तर ऐकून घेतात. फिडेचे प्रशिक्षक असतील तर त्यांची पदवी फिडेच्या पानावर नावासमोर दिसते. ‘एरिना’ शब्द जोडलेली पदवी असेल तर ती ऑनलाइन खेळून मिळते, नुसत्या ‘ग्रँडमास्टर’ किंवा ‘फिडे मास्टर’शी तिचा संबंध नाही.

पण जुन्या आलेखांच्या जाहिरातीही फिरतायत. ‘आमचे विद्यार्थी, ३ महिन्यांत ३०० ते ४०० गुण.’ आलेखाची उभी उडी कुठे आहे ते बोट ठेवून बघा. फेब्रुवारी आणि मार्च २०२४ च्या मध्ये असेल, तर त्या विद्यार्थ्याचं एप्रिलपासून आजपर्यंतचं रेटिंग दाखवा म्हणा. मी एका जाहिरातीखालच्या नंबरवर हेच विचारलं. तिकडून विचारलं, “तुम्ही पालक आहात की दुसऱ्या क्लासचे?” आणि नंबर ब्लॉक झाला.