क्रॅडल कॅपचा सिलिकॉन ब्रश: चांगला आहे, पण आधी तेल

बाळाच्या डोक्यावर पिवळसर, तेलकट खपल्या धरल्या की हल्ली दुकानदार हा तळहातात मावणारा सिलिकॉनचा ब्रश पुढे करतात. घ्यायला हरकत नाही, फक्त ती क्रॅडल कॅपच (तान्ह्या बाळांच्या डोक्यावर धरणाऱ्या अशा खपल्या) आहे ना, हे आधी बघा. सहसा ती पहिल्या तीन महिन्यांत सुरू होते, बाळाला खाज नसते, दूध-झोप बिघडत नाही. गालही लाल, कोरडे आणि बाळ सारखं तोंड चोळतंय, तर एक्झिमाची (खाज सुटणारा त्वचेचा विकार) शक्यता जास्त.

दाते बोथट आणि लवचीक आहेत, टाळूच्या मऊ जागेवरूनही हलक्या हाताने चालतात. कोरड्या डोक्यावर मात्र ब्रश नुसताच घसरतो. आंघोळीआधी अर्धा छोटा चमचा लिक्विड पॅराफिन (केमिस्टकडे मिळतं) खपल्यांवर लावून 15-20 मिनिटं थांबा. मग गोल गोल मिनिटभर ब्रश फिरवा. सुटेल तेवढंच काढायचं, उरलेलं पुढच्या वेळी. शेवटी बेबी शाम्पूने तेल पूर्ण धुवा, लागला तर शाम्पू दोनदा लावा. आठवड्यातून दोन-तीनदा पुरे.

बहुतेक घरांत घोळ होतो तो या धुण्यातच. टाळू भरायची आणि तेल तसंच दिवसभर मुरू द्यायचं, ही आपली पद्धत. त्वचेवरची मॅलेसेझिया नावाची यीस्ट (एक प्रकारची बुरशी) खाद्यतेलातल्या स्निग्धाम्लांवर पोसते, आणि खपल्या पुन्हा धरतात. पॅराफिन हे खनिज तेल, ते तिला पचत नाही. खोबरेलच वापरायचं असेल तर तेही त्याच आंघोळीत धुऊन टाका.

काही पाकिटांत सोबत बारीक दातांची फणीही येते. ती बाजूला ठेवा. खपली ओरबाडली की खालची त्वचा सोलवटते, चिघळते. डाळीच्या पिठाने घासण्याचंही तेच.

ब्रशचा खरा दोष एकच: दात्यांच्या बुडाशी तेल आणि खपल्या साचतात. दरवेळी साबणाने धुऊन पालथा वाळवावा लागतो. घरात मऊ केसांचा बेबी ब्रश असेल तर तोही जवळपास तेवढंच काम करतो, मग नवा कशाला?

कानामागे किंवा मानेच्या वळ्यांत लाली, पाणी, वास आला, किंवा खपल्या चेहऱ्यावर-अंगावर पसरल्या, तर ब्रश थांबवून डॉक्टरांना दाखवा. केटोकोनॅझोलचा (बुरशीवरचं औषध) शाम्पू किंवा स्टिरॉइडचं मलम त्यांनी लिहून दिलं तरच. मोठ्यांचा सॅलिसिलिक अॅसिडवाला कोंड्याचा शाम्पू तर नकोच, बाळाच्या त्वचेतून ते अंगात शोषलं जातं.