मेलचिंपचे मर्ज टॅग : नाव आपोआप भरताना

वार्तापत्रात वाचकाचं नाव आपोआप भरण्यासाठी मेलचिंप या ईमेल पाठवण्याच्या सेवेचे मर्ज टॅग, म्हणजे पाठवताना आपोआप भरल्या जाणाऱ्या खुणा, भरवशाचे आहेत. तारांकन आणि उभी रेघ यांच्या जोडीत ‘एफनेम’ लिहिलं, म्हणजे *|FNAME|*, की पाठवताना त्या जागी नाव येतं. पण ऑडियन्सच्या (संपर्कयादीच्या) रकान्यांत डीफॉल्ट मूल्य, म्हणजे नाव नसल्यास वापरायचा शब्द, भरलं नसेल, तर नाव नसलेल्यांना नुसतं ‘प्रिय ,’ जातं. तिथे ‘वाचक’ टाकून ठेवा. स्वल्पविरामासकट अख्खी ओळ बदलायची असेल तर इफ-एल्सचा टॅग (नाव असेल तर एक मजकूर, नसेल तर दुसरा) अधिक चांगला.

मराठीत खरी अडचण प्रत्ययांची. टॅगला ‘ला’, ‘चा’ जोडू नका. यादीत नाव रोमन लिपीत असेल तर एकाच शब्दात दोन लिप्या येतात. क्रियापदातलं लिंगही चुकू शकतं, म्हणून ‘तू आलास’ऐवजी ‘आपण आलात’ बरं. नाव फक्त संबोधनात ठेवावं, हे माझं ठाम मत.

संपर्कयादीची सीएसव्ही फाइल यूटीएफ-८ या देवनागरी जपणाऱ्या एन्कोडिंगमध्येच जतन करा, नाहीतर देवनागरी नावांची प्रश्नचिन्हं होतात. टॅग दुसरीकडून चिकटवताना फॉरमॅटिंग काढा. मध्ये लपलेला कोड आला की टॅग जसाच्या तसा छापला जातो. चाचणी मेलवर विसंबू नका, प्रिव्ह्यूमध्ये लाइव्ह मर्ज टॅगची माहिती चालू करून रिकाम्या नावाचा एक संपर्क नक्की तपासा.