पंडित जसराजांपासून ‘एशिया’पर्यंत : जेपीएलच्या लघुग्रह-सेवेचे परीक्षण

नासाची जेट प्रोपल्शन लॅबोरेटरी, म्हणजेच जेपीएल, लघुग्रह आणि धूमकेतू यांच्या माहितीसाठी ‘स्मॉल-बॉडी डेटाबेस लुकअप’ ही विनामूल्य सेवा चालवते. तिच्यासाठी नावनोंदणी लागत नाही. पुण्यातील हौशी निरीक्षकांना आणि विज्ञानशिक्षकांना मी ती मनापासून सुचवीन, कारण लघुग्रहाचा शोध, त्याचे नाव आणि त्याची कक्षा या तीन गोष्टी येथे शेजारी शेजारी वाचता येतात आणि त्यांचा परस्परसंबंध त्यामुळेच उलगडतो.

पुणेकराने सुरुवात ३००१२८ या क्रमांकाने करावी. सवाई गंधर्व महोत्सवात ज्यांचे गायन आपल्याकडील रसिकांनी वर्षानुवर्षे ऐकले, त्या पंडित जसराज यांचे नाव या लघुग्रहाला २०१९ मध्ये देण्यात आले. २८ जानेवारी १९३० ही त्यांची जन्मतारीख उलट क्रमाने मांडली की नेमका हाच क्रमांक तयार होतो. त्याची तात्पुरती संज्ञा ‘२००६ व्हीपी३२’ अशी आहे. तीत ‘व्ही’ हे अक्षर नोव्हेंबरचा पहिला पंधरवडा दाखवते, तर ‘पी’ आणि ३२ यांवरून (‘आय’ वगळता २५ अक्षरांच्या ३२ फेऱ्या आणि त्यापुढचे पंधरावे अक्षर ‘पी’) त्या पंधरवड्यातील नोंदींमध्ये ही ८१५वी होती, असे निघते. शोधाची तारीख, ११ नोव्हेंबर २००६, या संज्ञेशी बरोबर जुळते. ही फोड आधी शिकून घेतली, तर पानावरील रूक्ष वाटणारी अक्षरे बोलू लागतात.

कायमचा क्रमांक मात्र शोध लागताच मिळत नाही. अनेक प्रतियुतींच्या वेळी, म्हणजे पृथ्वीवरून पाहता लघुग्रह सूर्याच्या बरोबर विरुद्ध बाजूला असताना, निरीक्षणे होऊन कक्षा खात्रीची ठरली, की मगच क्रमांक दिला जातो, आणि त्यानंतर शोधकाला नाव सुचवण्यासाठी दहा वर्षांची मुदत असते. आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्रीय संघटनेची समिती त्या नावाला मान्यता देते. नाव सोळा अक्षरचिन्हांच्या आत बसावे लागते, आणि राजकीय वा लष्करी कारकिर्दीसाठी प्रसिद्ध असलेल्या व्यक्तीचे नाव तिच्या मृत्यूला शंभर वर्षे झाल्याशिवाय देता येत नाही. हा संयम मला फार मोलाचा वाटतो.

कक्षेचा भाग समजून घेण्यासाठी ६७ क्रमांकाचा ‘एशिया’ निवडावा. नॉर्मन पॉगसन यांनी १७ एप्रिल १८६१ रोजी मद्रास वेधशाळेतून तो शोधला. आशिया खंडातून शोधला गेलेला हा पहिला लघुग्रह, म्हणून त्याला खंडाचेच नाव मिळाले. त्याचे सूर्यापासूनचे सरासरी अंतर सुमारे २.४२ खगोलीय एकके (एक एकक म्हणजे पृथ्वी-सूर्य सरासरी अंतर) आणि प्रदक्षिणाकाळ सुमारे ३.७७ वर्षे आहे. पहिल्या संख्येचा घन आणि दुसरीचा वर्ग करून पाहावा. दोन्ही उत्तरे १४.२ च्या आसपास येतात आणि प्रदक्षिणाकाळाचा वर्ग सरासरी अंतराच्या घनाच्या प्रमाणात असतो, हा केप्लरचा तिसरा नियम नववीच्या विद्यार्थ्यालाही स्वतः पडताळता येतो. कक्षेची उत्केंद्रता, म्हणजे तिचा लांबटपणा, सुमारे ०.१९ असल्यामुळे हा लघुग्रह सूर्याच्या १.९७ एककांपर्यंत जवळ येतो आणि २.८७ एककांपर्यंत दूर जातो. सोबतचे त्रिमितीय कक्षाचित्र फिरवून पाहिले, की आयनिकवृत्ताशी, म्हणजे पृथ्वीच्या कक्षेच्या प्रतलाशी, असलेला सहा अंशांचा कलही ध्यानात येतो.

एक पथ्य मात्र पाळावे. हे कक्षाघटक, म्हणजे कक्षेचे वर्णन करणारे आकडे, विशिष्ट तारखेपुरते असतात, कारण गुरूच्या ओढीमुळे ते हळूहळू बदलत राहतात. म्हणून वहीत आकडे उतरवताना ती तारीखही उतरवावी. कक्षेची अनिश्चितता सांगणारा ० ते ९ असा निर्देशांकही पाहावा. ० म्हणजे कक्षा उत्तम ठाऊक आहे, आणि नव्याने सापडलेल्या पिंडांचा निर्देशांक बहुधा बराच वरचा असतो. संपूर्ण पान इंग्रजीत असल्याने मराठी माध्यमाच्या वर्गात शिक्षकांची सोबत आवश्यक आहे.

प्रत्यक्ष आकाशात शोध घ्यायचा असेल, तर जेपीएलचीच ‘होरायझन्स’ ही सेवा वापरावी. तिला पुण्याचे अक्षांश-रेखांश दिले, की निवडलेल्या रात्री लघुग्रह कोठे आणि किती तेजस्वी असेल याचे कोष्टक मिळते. ‘एशिया’साठी दुर्बीण लागेल, प्रतियुतीच्या सुमारास ‘व्हेस्टा’ हा तेजस्वी लघुग्रह मात्र शहराबाहेरच्या काळोख्या आकाशात साध्या द्विनेत्रीतूनही सापडतो.