स्क्रोल सॉ थरथरते म्हणून रिपेअरला दिली आणि स्पीड कमी होऊन परत आली

ज्यांच्याकडे स्क्रोल सॉ (लाकडात नक्षी कापायची, बारीक ब्लेड वरखाली होणारी करवत मशीन) आहे आणि ती रिपेअरला द्यायचा विचार चाललाय त्यांनी आधी हे वाचा, कारण मला ज्या पद्धतीने गंडवलं ती इतकी साधी आहे की मशीन परत घेताना आपणच त्याला वर थँक्यू म्हणतो.

माझी मशीन पॅरलल आर्मवाली, म्हणजे वर-खाली दोन समांतर दांडे आणि पुढे त्यांच्यामध्ये ब्लेड, डीसी मोटर, डायल फिरवून मिनिटाला ४०० ते १६०० स्ट्रोकपर्यंत स्पीड. वापरून वापरून हळूहळू असं झालं की डायल पुढे नेला की टेबल थरथरायचं, पेन्सिलची रेघ दोन-दोन दिसायची, नक्षीतले बारीक कोपरे तर विसराच. रिपेअरवाल्याने मशीन चालू केली, वरच्या आर्मवर हात ठेवला, मान हलवली आणि डिक्लेअर करून टाकलं, ताई मोटरची दोन्ही बेअरिंग गेलीत, आर्मेचर (मोटरच्या आतला फिरणारा भाग) पण बॅलन्समध्ये नाही. कव्हर उघडलं नाही, ब्लेड काढलं नाही, आर्म हाताने हलवून सुद्धा बघितला नाही. एवढ्यात त्याला आर्मेचर दिसलं कसं हा प्रश्न खरं तर तिथेच पडायला हवा, पण माणूस इतक्या कॉन्फिडन्सने बोलतो की समोरचा गप्प बसतो.

मशीन तयार झाल्यावर त्याने जो शो केला तो भारीच होता. डायल फुल केला, टेबलावर एक नाणं काठावर उभं केलं, नाणं हललं पण नाही. कुणीही खूश होईल. जुनी बेअरिंग मागितली तर म्हणे भंगारात गेली. बिलावर नुसतं "मशीन रिपेअर" आणि रक्कम.

घरी आल्यावर काहीतरी गडबड वाटायला लागली. मशीन शांत चालायची हे खरं, पण जाड लाकूड नेहमीच्या हाताने पुढे सारलं की ब्लेड मागे वाकायचं आणि कट रेघ सोडून भलतीकडे जायचा. नवीन ब्लेड लावलं, टेन्शन वाढवलं, तेच. मग वरच्या ब्लेड क्लॅम्पला पांढऱ्या टेपचा तुकडा चिकटवला, डायल फुलवर ठेवला आणि मोबाईलवर सेकंदाला २४० फ्रेमचा स्लो मोशन व्हिडिओ काढला. हिशोब सोपा आहे, १६०० स्ट्रोक म्हणजे सेकंदाला साधारण २७, म्हणजे टेप वरून खाली जाऊन परत वर यायला ९ फ्रेम लागायला हव्यात. मी एकेक फ्रेम पुढे सरकवत मोजलं तर १२ येत होत्या. १२ फ्रेम म्हणजे १२०० स्ट्रोक! डायल फुलवर आणि मशीन पाऊण स्पीडला.

आता मेख काय ते सांगते. असे हादरे स्पीडच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतात, त्यामुळे स्पीड पाऊण केला की हादऱ्याचा जोर जवळजवळ निम्म्यावर येतो. काही दुरुस्त न करता मशीन निम्मी शांत, आणि त्यात त्याचं वर्कटेबल जाड, जड, जमिनीत बोल्ट मारलेलं. नाणं पडणार कसं.

प्लग काढून कव्हर खोललं तर सगळं उघड्यावरच होतं. स्पीड कंट्रोलच्या बोर्डवर फुल स्पीडची मर्यादा ठरवणारा छोटा स्क्रू असतो, कंपनी त्याच्यावर लाखेसारखा थेंब लावून देते. तो थेंब फुटलेला, खाचेत स्क्रू ड्रायव्हरचा ताजा चकचकीत ओरखडा. आणि मोटरच्या मागच्या झाकणाचे स्क्रू? त्यांच्या खाचांमध्ये जुना भुसा तेलात कालवून दगडासारखा बसलेला, मला तो सुईने टोकरून काढावा लागला. म्हणजे ती मोटर कुणी उघडलेलीच नाही, बेअरिंग काय हवेतून बदलली का? (बोर्डला मात्र उगाच हात लावू नका, अशा बऱ्याच बोर्डांवर थेट मेन्सचा करंट असतो आणि प्लग काढल्यावरही थोडा वेळ चार्ज राहतो. तो स्क्रू मी इलेक्ट्रिशियनकडूनच परत सेट करून घेतला.)

खरा फॉल्ट मोटरमध्ये नव्हताच. प्लग काढून वरचा आर्म पुढच्या टोकाला धरून डावी-उजवीकडे हलवला तर बोटांना टक टक जाणवत होतं, मागच्या पिव्हटचा, म्हणजे आर्म ज्या खिळीवर हलतो तिथला, बुश झिजलेला. दुसरं म्हणजे स्टँड. पत्र्याच्या पायांपैकी एक जमिनीला टेकतच नव्हता आणि मशीन बसवायच्या बोल्टांची भोकं घासून लांबट झालेली. बुश बदलला, खाली जाड प्लाय घेऊन मोठे वॉशर टाकून बोल्ट कसले, पायाखाली रबर दिलं आणि १६०० ला मशीन नीट चालते. बुशची किंमत त्या बिलापुढे काहीच नाही, हे लिहितानाही डोकं फिरतंय.

तुमची मशीन हादरत असेल तर कुणाकडे न्यायच्या आधी डायल शून्यापासून हळूहळू वर न्या. मध्येच एका स्पीडला जोरात थरथरली आणि त्याच्यापुढे शांत झाली तर बहुतेक वेळा स्टँड किंवा टेबल त्या ठोक्याला साथ देतंय, मशीन जड बेंचवर कसून परत बघा. स्पीडबरोबर हादरे वाढतच गेले तर आर्म, पिव्हट, मोटरला आर्मशी जोडणारी कनेक्टिंग लिंक इकडे बघायचं. खटखट असा ठोका येत असेल तर कुठेतरी प्ले आहे, म्हणजे जोड सैल आहे. ब्लेडचं टेन्शनही बघा, ढिल्या ब्लेडवर कुठलीच मशीन सरळ चालत नाही. आणि कार्बन ब्रश (मोटरच्या फिरत्या भागाला करंट देणारे कार्बनचे तुकडे) संपलेत असं कुणी सांगितलं तर ठिणग्या उडतात का, स्पीड आपोआप खालीवर होतो का हे विचारा, संपलेल्या ब्रशने असं लयीत हादरत नाही. अजून एक, ब्लेड काढून मशीन चालवून "बघा किती शांत" असं दाखवत असेल तर ती टेस्टच नाही, कारण पॅरलल आर्ममध्ये पुढच्या बाजूला दोन्ही आर्म ब्लेडनेच एकमेकांना बांधलेले असतात.

द्यायचीच असेल तर मोटरच्या स्क्रूंवर नेलपॉलिशचा ठिपका लावून त्याचे फोटो काढा, फुल स्पीडचा स्लो मोशन व्हिडिओ त्याच्या समोरच काढा म्हणजे तोही बघेल, आणि बिलावर बेअरिंगचा नंबर लिहून घ्या, जुनी बेअरिंग परत द्यायची हे आधीच ठरवा. ह्यातल्या कशालाही तो कुरकुर करायला लागला तर मशीन उचला.

मी व्हिडिओ आणि त्या स्क्रूंचे फोटो घेऊन त्याच्याकडे गेले तेव्हा गड्याला जराही लाज नाही, म्हणतो ताई एवढ्या स्पीडची गरजच काय, मी तर तुमच्या मशीनचं आयुष्य वाढवून दिलं. बेअरिंगचे पैसे त्याने बऱ्याच वादावादीनंतर परत दिले, आर्मेचर बॅलन्सिंगचे नाही दिले, कारण ते "मजुरीत धरलंय" म्हणे आणि बिलावर त्याचा उल्लेखच नाही.