दोन कैदी, एकच फुटका कान

आधीच सांगतो, मी अडाणी नाही. पेरूला जाण्याआधी सहा महिने तिथल्या प्राचीन मोचे लोकांवर वाचत होतो. त्यांच्या राजाची सिपानची कबर १९८७ साली सापडली, हे झोपेतही सांगेन. तरी तिथल्या त्रुहियो शहरात १,११० सोल (पेरूचं चलन) घालवून बसलो. मूर्तीचे ९००, 'प्रमाणपत्रा'चे १५०, टॅक्सीचे ६०. रुपयांत पंचवीस हजारांच्या घरात.

पद्धत नेहमीचीच. हुआका दे ला लुना हे मोचे देऊळ दाखवणारा टॅक्सीवाला, त्याचा मामा आणि मामाच्या शेतात 'सापडलेली' वस्तू. गळ्यात दोर बांधलेला मातीचा बसका कैदी, लाल-पांढरट, डावा कान फुटलेला. मामाने ओलं बोट फिरवून मातीचा वास दाखवला. वास काय, नव्या कुंडीलाही येतो!

तेवढ्यात त्याच्या पिशवीतून दुसरा कैदी डोकावला. हुबेहूब. विचारलं, तर म्हणतो, मोचे साच्यातूनच घडवायचे, जुळे निघणारच. आता हे खरंच आहे हो, दोन भागांचे साचे असायचे, मीच वाचलेलं! मान डोलावली. पण त्याचाही डावाच कान फुटका होता, तिथेच, तेवढाच. साच्यातून चेहरा सारखा येईल, दीड हजार वर्षांत उडालेला टवका सारखा कसा येईल? आणि मी तो पाहिला होता. पाहून पैसे मोजले.

लिमाच्या विमानतळावर अधिकाऱ्याने तळाच्या भोकातून टॉर्च मारली आणि हसला. साच्यात दाबलेल्या मातीवर आत बोटांचे ठसे राहतात, ही पातळ माती ओतून केलेली. नक्कल आहे, खुशाल न्या. खरी असती तर जप्त झाली असती आणि मीही अडकलो असतो. तेव्हा 'अस्सल' असा कागद कोणी पुढे केला की तिथूनच मागे फिरा.

पोलिसांचं तर विचारूच नका. एका खिडकीवरून दुसऱ्या खिडकीवर, स्पॅनिशमधला फॉर्म, शेवटी 'तक्रार त्रुहियोतच होईल'. साडेपाचशे किलोमीटर मागे, आणि विमान सुटायला तीनच तास! हुज्जत घातली तर साहेबांनी शांतपणे विचारलं, "म्हणजे तुम्ही ती खरी समजूनच बाहेर नेत होतात?" यावर काय बोलणार? इथल्या बँकेनेही हात झटकले. एटीएममधून तुम्हीच काढले, पिन तुमचाच. रोख मागणाऱ्याला एक सोलही देऊ नका.

त्याच सकाळी हिने हुआकाबाहेरच्या टपरीवरून नक्कल म्हणून असाच कैदी ४५ सोलला घेतला होता. त्याचे दोन्ही कान शाबूत आहेत.