सोफ्याचे कृत्रिम कापड : काही महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

घरातील सोफ्याला पॉलिस्टर, त्यावरील उशांच्या अभ्र्यांना पॉलिप्रॉपिलीन आणि शेजारच्या खुर्चीला व्हिस्कोसची मखमल असल्यामुळे तीन मानवनिर्मित तंतूंचे गुणदोष एकाच खोलीत पाहायला मिळाले. विक्रेत्यांचा सगळा भर टिकाऊपणावर असतो आणि मार्टिनडेल चाचणीत कापड किती वेळा घासले तरी टिकते, हा आकडा आवर्जून सांगितला जातो. प्रत्यक्षात कापड झिजण्याच्या कितीतरी आधी डाग आणि घासून वर येणाऱ्या तंतूंचे गोळे त्रास देऊ लागतात, आणि त्याविषयी तो आकडा फारसे काही सांगत नाही.

पॉलिस्टर नेहमीच्या हवेत स्वतःच्या वजनाच्या जेमतेम ०.४ टक्के ओलावा धरते, त्यामुळे सांडलेले पाणी लगेच टिपून घेतले की खूण राहत नाही. मात्र पाण्याला जवळ न करणारा हा तंतू तेल चटकन धरतो. डोके टेकते त्या जागी आणि सोफ्याच्या हातांवर जो काळपट, तेलकट थर बसला, तो ओल्या फडक्याने निघाला नाही. सौम्य साबणाचा फेस लावून तो हलक्या हाताने उचलून घ्यावा लागला. बसायच्या जागी बारीक गोळेही आले. कापड हलक्या दर्जाचे असल्याची ही खूण नव्हे, उलट तंतूच्या चिवटपणाचा हा परिणाम आहे : लोकरीवरचे गोळे कालांतराने तुटून गळतात, पॉलिस्टरचे मात्र न तुटणाऱ्या तंतूंना लोंबकळत राहतात. ते ओढून काढू नयेत, कापावेत.

पॉलिप्रॉपिलीनबद्दल तक्रार नाही. त्याचा रंग बहुधा तंतू तयार होतानाच वितळलेल्या पदार्थात मिसळलेला असतो, त्यामुळे धुण्यात तो उतरत नाही. परंतु हा तंतू साधारण १६५ अंश सेल्सिअसला वितळतो, म्हणून अभ्र्यांना गरम इस्त्री लावू नये.

स्पर्शाला सर्वांत सुखद ठरली ती व्हिस्कोसची मखमल, आणि सर्वांत नाजूकही तीच. लाकडाच्या लगद्यापासून बनणारा हा तंतू ११ ते १३ टक्के ओलावा धरतो आणि भिजल्यावर त्याची ताकद निम्म्यावर येऊ शकते. पाण्याचे चार थेंब पडले तेथे लव चपटी झाली, कडेने वर्तुळ उमटले आणि ब्रश फिरवूनही ते पूर्ण गेले नाही. रोजच्या बसण्याच्या जागेसाठी निव्वळ व्हिस्कोस मी पुन्हा निवडणार नाही. पॉलिस्टर मिसळलेले असेल, तर विचार करीन.